तोंडओळख

व्हॅन नाइजमधल्या आमच्या गल्लीत
कुंपणापलीकडचं लिंबाचं झाड वर्लन ओस्टगार्डचं.
फांद्या मात्र आमच्या बाजूला.
"झाड माझं, लिंबं तुमची," म्हणायचा,
आणि वर, "माझं सगळं असंच आहे बघ,
उभा मी राहतो, क्लोजअप दुसऱ्याचा."

बेचाळीस वर्षं टीव्हीवर.
शेरीफचा दुसरा हवालदार.
बँकेतला खजिनदार, पहिल्याच गोळीला पडणारा.
ज्यूरीतला पाचवा. पाद्री तीनदा, पैकी एकदा खुनी.
एकोणतीस वेळा मेला,
बहुतेकदा पहिल्या जाहिरातींच्या आत.
घोड्यावरून पडताना एकदा खरंच बरगडी मोडली,
तर दिग्दर्शक म्हणाला, छान,
आता पुन्हा, जरा कमी कण्हत.

नावाची पाटी अगदी शेवटी, सरसर वर जाणारी,
तीतही कधी ओस्टरगार्ड, कधी नुसताच गार्ड.
त्याने कधी तक्रार केली नाही.
"आईला कळतं ना मी आहे ते, बास."
आई नेब्रास्कात. गोठ्यातून हात धुऊन येईस्तोवर
तो मरूनही गेलेला असायचा.

दुकानात बायका थबकायच्या.
आपण एकाच शाळेत होतो का?
तुम्हीच ना आमच्या छपराचं काम केलंत?
तो नाही म्हणायचा नाही.
"आता गळत नाही ना?" विचारायचा, काळजीने.
साऱ्या देशाशी तोंडओळख,
नावाने हाक मारणारे आम्ही गल्लीतले सात-आठ.

टपालाने चेक यायचे, जुने भाग पुन्हा दाखवल्याचे.
एक सदतीस सेंटचा. एक चार सेंटचा,
त्याहून पाकिटावरचं तिकीट महाग.
तो चार सेंटचा त्याने फ्रिजवर लावला:
"काल रात्री पोर्तुगालमध्ये मेलो वाटतं."

मार्चमध्ये मी त्याला दवाखान्यात नेलं.
डॉक्टर तरुण. फाइलमध्ये बघत
उभ्या उभ्याच बोलायला लागला.
वर्लनने हात वर केला.
"बाळा, आधी बस.
फाइल मीट. माझ्याकडे बघ.
मग एक श्वास, एकच. लांबवू नकोस,
लांबवला की माणूस आशा धरतो.
मी हे अकरा वेळा केलंय."
पोरगा बसला. पुन्हा बोलला.
या वेळी बरं बोलला.
वर्लनने मान डोलावली,
आणि मगच त्याचा चेहरा उतरला.

परत येताना, सिग्नलला, त्याने मला
हॉटेलातल्या कारकुनाचं सांगितलं.
ती कामं पुष्कळ मिळाली. किल्ली द्यायची, एक वाक्य,
की कॅमेरा नायकामागे जिन्यावर.
"पण कट म्हणेपर्यंत मी टेबलाशीच की.
वहीत काहीतरी लिहीत राहावं लागतं."
काय लिहायचास?
"ड्वेन ओस्टगार्ड. मुक्काम एक रात्र."

ड्वेन धाकटा. एकोणिसाव्या वर्षी
प्लॅट नदीच्या बर्फाखाली गेला.
तोवर तालुक्याबाहेर पाऊल नव्हतं.
"त्याला टक्सनला उतरवलं, शिकागोला,
एकदा पॅरिसला, म्हणजे आपलं स्टुडिओ नंबर सातमध्ये.
खोल्या चांगल्या दिल्या. रस्त्याकडच्या."
मागून कुणीतरी हॉर्न दिला.

घर विकलं गेलं.
नवे लोक झाड वेळच्या वेळी छाटतात.

काल झोप येईना म्हणून एक जुना चॅनल लावला.
काळी-पांढरी लॉबी, ओली हॅट, नायक.
"दुसरा मजला. बर्फाचं मशीन बंद आहे,"
वर्लन म्हणाला, किती तरणा,
आणि नायक वळला, आणि कॅमेरा वळला.
मी उठून पडद्याशी गेले.
डाव्या कोपऱ्यात बोटभर जागा उरलेली,
तीत एक बाही, एक पेन.
घाई नव्हती त्याला.
आडनाव मोठं आहे, पूर्ण लिहीत होता.